उलटी मनीऑर्डर

(दृश्य: सकाळची एसटी, उतरणारे प्रवासी, बाजारपेठेतलं पोस्ट)

कोकणात मनीऑर्डर यायची. टपाल खात्याने 1880 मध्ये ती सुरू केली आणि पुढची शंभरेक वर्षं लालबाग-परळच्या गिरण्यांतला पगार याच वाटेने तळकोकणातल्या घरांत उतरत राहिला. पोस्टमन वाडीत शिरला की कोणाकडे किती आले, हे दुपारपर्यंत विहिरीवर पोचलेलं असायचं. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, पण मुंबईला असलेला मुलगा घरी पैसे धाडतो हा समज काही गेला नाही.

मालवणजवळच्या एका गावातल्या या बाईला तोच समज उपयोगी पडतोय. तिचा मुलगा कोल्हापुरात कामाला होता, तिथेच एका गुन्ह्यात पकडला गेला. सध्या तो कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. गावात मात्र "झील मुंबईक आसा". कोणी पुढे विचारत नाही, कारण प्रत्येकाचंच कोणी ना कोणी मुंबईला आहे.

म्हणून त्याला मनीऑर्डर धाडायला ती गावच्या पोस्टात जात नाही. फॉर्मवर पत्ता लिहावा लागतो, आणि पत्त्यात "अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह" हे शब्द येतात. गावचा पोस्टमास्तर भला माणूस आहे, पण तो गावचाच आहे. ती एसटी पकडून मालवणला येते.

(दृश्य: खिडकीपलीकडचा कारकून, फॉर्म भरणारा हात)

"काकी, बंदी क्रमांक सांगा."

कैदी म्हणून मुलाला मिळालेला हा क्रमांक तिला पाठ आहे. मुलाचा मोबाइल नंबर कधी पाठ नव्हता.

नाव तुरुंगाच्या नोंदीत आहे तसंच लिहायचं, सोबत वडिलांचं नाव आणि हा क्रमांक. मधल्या काळात कैदी दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला असेल तर पैसे फिरून परत येऊ शकतात. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन. दीड हजाराला पंच्याहत्तर. जुन्या फॉर्मवर दोन ओळी लिहायला जागा असायची, "सगळी खुशाल" एवढं तरी मावायचं. आता संगणकावरून जाणाऱ्या मनीऑर्डरीत ठरलेल्या संदेशांच्या यादीतला एक क्रमांक निवडायचा. त्या यादीतलं काय निवडावं, हे तिला अजून कळलेलं नाही.

पैसे मुलाच्या हातात पडत नाहीत. तुरुंगात रोख बाळगता येत नाही. रक्कम त्याच्या नावावर जमा होते आणि कॅन्टीनमध्ये वळती होते. साबण, पेस्ट, तेल, बिस्किटं, फरसाण. महिन्याला किती पाठवता येतील यावर मर्यादा असते आणि ती बदलत असते, तेव्हा तुरुंगातच विचारलेलं बरं. 2021 मध्ये एका बड्या सिनेनटाचा मुलगा आर्थर रोड तुरुंगात होता, त्यालाही घरून मनीऑर्डरच आली. 4,500 रुपये, तेव्हाची कमाल रक्कम. पुढे त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झालं नाही.

(दृश्य: घराची पडवी, पाटीत सुके बांगडे)

"जेवान मिळता थंय," ती म्हणते. "पण साबण खंयसून येतलो? आवशीन नाय धाडल्यान तर कोण धाडतला?"

प्रश्न बरोबर आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला तुरुंगात काम मिळतं, त्याची मजुरी मिळते. महाराष्ट्रात तर 2022 पासून राज्य सहकारी बँक त्या मजुरीवर 50,000 रुपयांपर्यंत कर्ज देते, "जिव्हाळा" नावाने, सात टक्के व्याजाने. कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्याला मात्र कामाचा भरवसा नाही. आणि 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभरातले पंच्याहत्तरहून जास्त कच्चेच होते. म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्याचा साबण त्याच्या आईच्या मासळीविक्रीवर. ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखली नसेल, पण चालली आहे ती अशी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. बाजारात ताजी मासळी नाही, हिच्या टोपलीत काही नाही. त्यामुळे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत तांदूळ, मीठ, सुक्या बांगड्यांच्या जोडीला आता कळंब्याचे तीन हजारही मे महिन्यातच बाजूला काढावे लागतात. डब्यात ते वेगळे, रुमालात बांधलेले.

मध्यंतरी एक फोन आला. तुरुंगातून बोलतोय, मुलाला त्रास होतोय, या नंबरवर दहा हजार टाका. तिच्याकडे दहा हजार नव्हते, म्हणून ती वाचली. तुरुंगाचा पैसा कोणाच्या खासगी मोबाइलवर जात नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि तुरुंगाच्या कार्यालयात चौकशी करा.

(दृश्य: बसस्थानक, परतीची गाडी)

मनीऑर्डरीपेक्षा मोठा खर्च वकिलाचा. त्यासाठी तिने गळ्यातलं गहाण ठेवलंय. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज तुरुंगातूनच करता येतो. जामीन मंजूर होऊनही केवळ पैशांअभावी आत अडकलेल्या गरीब कैद्यासाठी 2023 पासून केंद्राची योजना आहे, सुरुवातीला 40,000 रुपयांपर्यंत.

हे तिला आम्ही चित्रीकरणाच्या वेळी सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, तुरुंगातल्या पुढल्या भेटीला झिलाला अर्ज करायला सांगते.