प्रत कोणाकोणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, एक छोटी यादी असते. 'प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' असे लिहून त्याखाली तीन-चार पदनामे दिलेली असतात. मंत्रालय असो की तहसील कचेरी, मसुदा करणारा लिपिक ही यादी बहुधा मागच्या पत्रावरून उतरवून काढतो आणि साहेबही तिच्यावरून वरवर नजर फिरवून सही करतात. मी नोकरीची बरीच वर्षे आवक-जावकाच्या टेबलावर काढली. एका पत्राची प्रत भांडारपालाला पाठवायची राहून गेली आणि नव्या विभागाचे कर्मचारी आठ दिवस खुर्च्यांवाचून बसले, ही माझ्या खात्यावर जमा असलेली सर्वांत मोठी चूक. गुप्तवार्ता संस्थेत मी कधी काम केलेले नाही. परंतु अशा संस्थांविषयी जे अहवाल, कायदे आणि न्यायालयीन निकाल सर्वांना वाचायला खुले आहेत, ते वाचताना मला हेरगिरीपेक्षा आमचे जुने टेबलच अधिक वेळा आठवले, म्हणून आज या संस्थांच्या रोजच्या प्रशासनाविषयी बोलणार आहे.

जून 1998 ची गोष्ट घ्या. नियंत्रणरेषेपलीकडे, कारगिलसमोरच्या भागात चाललेल्या हालचालींविषयी गुप्तवार्ता विभागाच्या, म्हणजे आयबीच्या, संचालकांनी एक पत्र पाठवले. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृह सचिव आणि लष्करी कारवायांचे महासंचालक यांना गेले. पुढच्या वर्षी युद्ध झाले आणि त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने हे पत्र तपासले, तेव्हा तिने मजकुराइतकेच लक्ष पत्ते कोणाचे आहेत याकडे दिले. ज्यांना ही माहिती सर्वाधिक उपयोगी पडली असती, ते तीन अधिकारी यादीत नव्हते: परदेशी गुप्तवार्तेची जबाबदारी असलेले रॉचे सचिव, सर्व बाजूंच्या बातम्या एकत्र तोलणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक. वरिष्ठांकडून ही माहिती खाली झिरपत जाईल असे आपण गृहीत धरले होते, असे संचालकांनी समितीला सांगितले. रॉच्या सचिवांपर्यंत ती झिरपली नाही. यातली खरी मेख अशी की, त्या वेळी संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षपदाचा अतिरिक्त कार्यभारही रॉच्या सचिवांकडेच होता. दोन खुर्च्या, एकच अधिकारी, आणि दोहोंपैकी एकाही खुर्चीच्या नावाने प्रत नाही.

आमच्या कचेरीत 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे दोन विभागांच्या नस्त्यांवर एकाच माणसाची सही आणि दोन्हीकडे उशीर, एवढाच अर्थ असे. तो इथे किती महाग पडू शकतो, हे त्या अहवालातल्या मोजक्या वाक्यांवरून कळते. त्या पत्राची प्रत योग्य टेबलावर गेली असती तर युद्ध टळले असते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे फार सोपे आहे.

गुप्तवार्ता संस्थेत ही यादी कठीण होते, कारण तिथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. साध्या कार्यालयात एखादी प्रत जास्त गेली तर कागद वाया जातो, एवढेच. इथे ज्याला कामापुरते ठाऊक असणे आवश्यक आहे त्यालाच सांगायचे, हा पहिला नियम. म्हणून प्रत्येक जादा प्रत धोक्याची, आणि प्रत्येक राहिलेली प्रतही धोक्याची. हा नियम पाळण्यासाठी केलेली व्यवस्था अगदी जुन्या वळणाची आहे. अति गोपनीय कागदाच्या प्रत्येक प्रतीला क्रमांक असतो. कागद एका लिफाफ्यात घालून त्यावर वर्गवारीचा शिक्का आणि मोहोर उमटवतात, मग तो लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात घालतात आणि या बाहेरच्या लिफाफ्यावर केवळ पत्ता लिहितात, जेणेकरून नेणाऱ्याला किंवा वाटेत पाहणाऱ्याला आत काय दर्जाचा कागद आहे याचा अंदाज येऊ नये. घेणारा पोचपावतीवर सही करतो आणि ती पावती परत येईपर्यंत पाठवणाऱ्याच्या नोंदवहीतला तो रकाना रिकामा राहतो. संगणक आले तरी या शिस्तीचा गाभा तोच आहे.

हे काम करणारी माणसे कोण असतात? आयबीची मुळे 1887 सालापर्यंत जातात आणि ती गृह मंत्रालयाखाली येते. रॉ ही संस्था 21 सप्टेंबर 1968 रोजी रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली तिच्यातून वेगळी काढली गेली आणि ती मंत्रिमंडळ सचिवालयाखाली येते. दोहोंपैकी एकीचीही स्थापना संसदेच्या स्वतंत्र कायद्याने झालेली नाही. पण पगार, रजा, बढती, प्रवासभत्ता यांचे नियम मात्र इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसारखेच, थोड्या फरकाने. आयबीच्या भरतीची जाहिरात सर्वांसाठी प्रसिद्ध होते आणि तिच्यात मूळ वेतनाच्या 20 टक्के विशेष सुरक्षा भत्त्याचा उल्लेख असतो. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा रोख मोबदला वर्षाला 30 दिवसांच्या मर्यादेत मिळतो, हेही त्यात लिहिलेले असते. म्हणजे गुप्त संस्थेतही कोणीतरी रविवारच्या हजेरीचा तक्ता भरतो आणि कोणीतरी तो तपासतो. 2000 ते 2003 या काळात रॉचे प्रमुख असलेले विक्रम सूद हे मूळचे भारतीय टपाल सेवेतील अधिकारी होते, ही नोंद वाचून, टपालाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला बरे वाटले, हे कबूल करतो.

माणसे आली की गाऱ्हाणी आली. नोव्हेंबर 1980 मध्ये रॉच्या दिल्लीतील कार्यालयात जे घडले, ते ओळखतपासणीच्या नव्या पद्धतीवरून. गुप्त संस्थेत कोण कोणत्या दालनात शिरतो यावर लक्ष ठेवणे प्रशासनाला आवश्यक वाटले. कर्मचाऱ्यांना तो अविश्वास वाटला. त्यांची संघटना तोवर उभी राहिली होती. आंदोलकांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनात शिरून अधिकाऱ्यांना अडकवून ठेवले, पोलिसांना बोलवावे लागले, अटका झाल्या आणि पाठोपाठ लेखणीबंद आंदोलन झाले. काही कर्मचाऱ्यांना विभागीय चौकशी न करताच बडतर्फ करण्यात आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 मध्ये अपवादात्मक परिस्थितीसाठी तशी तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये या बडतर्फीवर शिक्कामोर्तब केले.

त्याआधी, 1984 मध्ये, पन्नासाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 33 ची व्याप्ती वाढवून गुप्तवार्ता संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला होता, आणि 1985 च्या कायद्याने आयबी व रॉमधील कर्मचाऱ्यांना कामगार संघटनेचे सभासद होण्यास आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधण्यास परवानगीवाचून बंदी झाली. संस्थेचे स्वरूप पाहता ही बंदी मला अवाजवी वाटत नाही. पण ज्या कर्मचाऱ्याला संघटना नाही, वर्तमानपत्र नाही आणि घरी बायकोजवळही मन मोकळे करता येत नाही, त्याचा बढतीचा अर्ज सहा महिने टेबलावर पडून राहिला तर त्याचा अर्थ साध्या कार्यालयापेक्षा वेगळा होतो. अशा ठिकाणच्या आस्थापना शाखेने इतरांपेक्षा अधिक तत्पर असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाचा विषय थोडक्यात सांगतो. गुप्त सेवेवरील खर्चाची पावती कोणाकडून आणणार? अशा रकमांच्या बाबतीत लेखापरीक्षक तपशिलात शिरत नाहीत. रक्कम मंजूर कारणासाठीच खर्च झाली, असे जबाबदार अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. त्यामुळे त्या एका सहीला, आपल्याकडे गठ्ठ्याने जोडलेल्या पावत्यांपेक्षा, अधिक वजन येते.

आता मुंबईकडे येऊ. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने माजी केंद्रीय गृह सचिव राम प्रधान आणि रॉमध्ये काम केलेले माजी पोलीस अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. केंद्राकडून आलेल्या सावधगिरीच्या सूचना मंत्रालयात आल्यावर त्यांचे पुढे काय होते, यात समितीला मोठा गोंधळ आढळला. कारगिलच्या वेळी कागद योग्य टेबलावर गेला नव्हता. इथे कागद आला होता, पण तो कोणी वाचायचा, कोणी तोलायचा आणि पोलिसांनी काय केले हे परत कोणी विचारायचे, याची घडी बसलेली नव्हती. आवक नोंदवहीत क्रमांक पडला की कागदाचे काम झाले असे आम्हांला वाटते, ती सवय मला चांगली माहीत आहे. कारगिलनंतर आयबीमध्ये स्थापन झालेले बहुसंस्था केंद्र (मल्टी एजन्सी सेंटर), म्हणजे निरनिराळ्या संस्थांकडची माहिती एकत्र करणारी जागा, मुंबईच्या हल्ल्यानंतर चोवीस तास चालू लागले आणि आपल्याकडची माहिती तिथे देणे संबंधित संस्थांना बंधनकारक झाले. म्हणजे आता तिथे रात्रपाळी आहे, पाळी बदलताना सकाळी येणाऱ्याला समजावून द्यायचे काम आहे, आणि रात्री आलेले कोणते कागद कोणाला दिले याचे उत्तर सकाळच्या माणसाकडे असावे लागते.

निवृत्तीनंतरही हा कागद पाठ सोडत नाही. मे 2021 मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार, गुप्तवार्ता किंवा सुरक्षा संस्थेतून निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याला संस्थेच्या कामाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचे असेल, तर संस्थाप्रमुखांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि तसे हमीपत्र त्याने लिहून द्यायचे असते. हमी मोडली तर निवृत्तिवेतन रोखले जाऊ शकते. निरोपाचा हार गळ्यात पडण्याआधी, तीसेक वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर मोहोर उमटवणारा माणूस त्या हमीपत्रावर आपली सही करतो, आणि आस्थापना शाखेतला लिपिक ते त्याच्या सेवापुस्तकाला जोडून ठेवतो.

नमस्कार.