हॅरिएट पॉवर्सची गोधडी

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज गप्पा एका गोधडीच्या. आफ्रिकन-अमेरिकन कला म्हटलं की सगळे थेट न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोचतात, १९२५ ला ॲलन लॉक या विचारवंतानी कृष्णवर्णीय चित्रकारांना सांगितलं की अरे आपल्या पूर्वजांची शिल्पं बघा, मग चित्रकार ॲरन डग्लसची ती सावल्यांसारखी माणसं, लोइस मेलू जोन्सनी १९३८ ला पॅरिसात रंगवलेले मुखवटे, भारीच काम आहे सगळं. पण माझा जीव अडकलाय त्यांच्या आधीच्या एका बाईत.

हॅरिएट पॉवर्स. १८३७ ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मली. तिनं गोधडीवर बायबल शिवलं, आदाम-हव्वा, साप, हाबेलला मारणारा काइन, सगळे कापडातून कापून वर टाके घालून बसवलेले, सपाट, ठसठशीत. पश्चिम आफ्रिकेत आजच्या बेनिनमधे आबोमेच्या राजांची अशीच कापडं असायची, त्यावर एकेका राजाचं चिन्ह, कुणाचा सिंह, कुणाचा शार्क, फक्त तिथे हे काम पुरुषांचं. तिच्यापर्यंत ते कसं आलं याचा कागद नाही म्हणून अभ्यासक अजून भांडतात, पण कागद ठेवणार कोण होतं हो, गुलामांची नोंद व्हायची ती मालमत्तेच्या यादीत! (आपल्या शेजारी उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी म्हणजे गोधड्या शिवतात, त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतलेच, तीही बघा कधीतरी.)

१८८६ ला जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात एका चित्रकलेच्या शिक्षिकेनं ही गोधडी पाहिली आणि मागितली, हॅरिएट म्हणाली विकायची नाही. काही वर्षांनी हात तंग झाला तशी बैलगाडीतून आली, गोधडी मांडीवर, पिठाच्या धुतलेल्या पोत्यात आणि वरून गोणपाट. दहा डॉलर मागितले, हातात पडले पाच. जाताना एकेक चित्राचा अर्थ नीट सांगून गेली, आणि नंतरही येऊन आपली गोधडी बघून जायची. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममधे आहे.

तिची दुसरी गोधडी बॉस्टनच्या म्युझियममधे आहे, ती मला जास्त आवडते. तिच्यात १८३३ चा उल्कावर्षाव आहे आणि एक डुकरीण, बेट्स नावाची, जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळालेली. काहीजण म्हणतात ही पळून गेलेल्या गुलामांचीच गोष्ट. मला तर पटतं बुवा, नाहीतर येशूच्या बाजूला डुकरीण कशाला शिवेल कोणी?