बैलाच्या डोक्यात नकाशा असते का?

रात्रीचे साडेनऊ, वर्धा जिल्हा, आर्वीकडचं आमचं गाव. पांदणीतून बंडी येतेय, बंडीत कापूस, कापसावर आबाजी घोरताहेत अन कासरा कधीचाच हातातून सुटलाय. पांढरी गवळाऊ जोडी. नाल्याचा उतार आला, बैल आपोआप हळू झाले, देवळापाशी वळले अन थेट कोठ्यासमोर.

आता सांगा, यांच्या डोक्यात गाव ठेवलेलं आहे का? यावर शास्त्रज्ञ लोक लय भांडलेत. १९४८ मधे टोलमन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणाला उंदराच्याही डोक्यात नकाशा असतो. १९९१ मधे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रोबोट बनवणाऱ्या रॉडनी ब्रुक्सनं उलटंच लिहिलं, की जग समोर पडलंच आहे तर त्याचं चित्र आत कशाला ठेवायचं, बघा अन पाय टाका. त्याचा गेंगिस नावाचा सहा पायांचा रोबोट तसाच, नकाशा बिकाशा काही नाही तरी खडबडीत जागेवर चालायचा.

मला ब्रुक्स पटायचा. पांदणीला चाकोरी आहेच, बैल दुसरीकडं जातीलच कुठं.

पण दोन वर्षांमागं आम्ही कोठा गावाच्या दुसऱ्या टोकाला नेला अन पंधरा दिवस जोडी रोज जुन्याच जागी. गव्हाण नाही, कुटार नाही, तिथं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, तरी डावा बैल ट्रॉलीच्या फाळक्याला नाक लावून उभा. म्हटलं घ्या, आत काहीतरी आहेच! मग लक्षात आलं, चाकोरीही तिथंच जाते. झालं, सिद्ध काहीच नाही.

मुंग्यांचं मात्र भारी आहे. ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या मुंग्या, २००६ चा प्रयोग. वारुळापासून १० मीटर चालू दिलं, मग पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले (हो, खरंच). परत निघाल्या तर ढांगा मोठ्या, १५ मीटरच्या आसपास जाऊन वारूळ शोधायला लागल्या. नकाशा म्हणा नका म्हणू, पण पावलांचा हिशोब आत कुठंतरी ठेवलेला होता, इथं ब्रुक्सचं मला जड जाताना दिसतं.

म्हणून काल आम्ही बंडी सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरातून आणली. चाकोरी नाही, पांदण नाही, कासरा सोडून दिला. जोडी थोडी थांबली, मान वर केली अन सरळ नव्या कोठ्याकडं! मी बंडीवरून ओरडलोच, नकाशा आहे!

आबाजी जागे झाले. “वारा कोनीकडून येते पाह्यलं का? ढेपेचा वास येते त्याले,” म्हणाले अन कूस बदलून झोपले.