तीन फोन आणि एक पीस लिली

नमस्कार श्रोतेहो.

घरातल्या झाडांची निगा शिकवणारं मोबाइल ॲप कसं असावं, हा आजचा विषय. तुळशीला पाणी कसं घालायचं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हल्ली पंचविशीतली मुलं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, रोपं ऑनलाइन मागवतात, आणि अडलं तर विचारायला शेजारी आजी नसते. मग विचारतात फोनला. तर त्या फोननं काय करावं? माझं म्हणणं एवढंच, की त्यानं हुकूम सोडू नये, प्रश्न विचारावा. "पाणी घाला" म्हणू नये. "माती ओली आहे का?" असं विचारावं. हे मी पुन्हा सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या भाचीच्या सासरची हकीकत ऐका.

भाची पुण्यात ॲप डिझाइन करते. म्हणजे पडद्यावर काय दिसावं, बटण कुठे असावं, निरोप कधी यावा, हे ठरवायचं. तिच्या चमूनं झाडांच्या निगेचं ॲप करायला घेतलं आणि पहिला नमुना तिनं घरातच वापरायला दिला. घरात सासरे, म्हणजे अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले, सासूबाई, आणि नवरा. झाड एकच. अण्णांना कुठल्याशा सत्कारात मिळालेली पीस लिली. हल्ली सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायची टूम निघाली आहे. ते रोप पाहुण्याच्या मांडीवर बसून रिक्षातून घरी जातं आणि महिन्याभरात मरतं. मला विचाराल तर शाल आणि नारळच बरा. नारळाची निदान चटणी तरी होते. असो.

तर ॲप तिघांच्या फोनवर चढवलं. रोज सकाळी आठ वाजता निरोप यायचा, "मला तहान लागलीये! तुमची लिली." दिवस जुलैचे. बाहेर संततधार, घरात वाळत घातलेला टॉवेल दोन दोन दिवस दमट. आणि आठच्या ठोक्याला तीन खोल्यांत तीन फोन वाजायचे.

अण्णांनी उभ्या हयातीत मस्टरवर उशिरा सही केली नाही. ते लगेच उठून फुलपात्रभर पाणी घालायचे. नवरा दात घासता घासता निरोप वाचायचा आणि बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायचा. सासूबाई पूजा आटोपून, तुळशीला घालून जे उरेल ते लिलीला. शिवाय कामाला येणाऱ्या मावशी. त्यांच्याकडे ॲप नव्हतं, पण जीव होता. लादी पुसताना "बाई, झाड सुकल्यासारखं दिसतंय हो," म्हणत त्याही मगभर घालायच्या. घातलं का, असं फोन विचारायचा. प्रत्येक जण "हो" दाबायचा, आणि पडद्यावर हिरवी चांदणी उगवायची. "शाब्बास! सलग सात दिवस!" अण्णा त्या चांदण्या सकाळी फिरायला गेले की कट्ट्यावरच्या मित्रांना दाखवायचे.

आणि लिलीनं मान टाकली.

आता गंमत बघा. पीस लिलीला तहान लागली तरी ती पानं टाकते, आणि मुळं कुजली तरी अशीच टाकते. वरून बघून फरक कळत नाही. ॲपमध्ये एक बटण होतं, "झाड मरगळलंय". ते दाबलं की उत्तर यायचं, "पाणी कमी पडलं असावं." झालं! अण्णांनी संध्याकाळचा डोसही सुरू केला.

शेवटी रविवारी सोसायटीत माळीमामा आले, त्यांना वर बोलावलं. मामांनी पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाले, "काका, ही कुंडी आहे का बादली?" बाहेरची कुंडी चिनी मातीची, गुळगुळीत, सोनेरी काठाची, आणि तिला तळाला भोक नाही! आत प्लास्टिकची कुंडी, ती चार बोटं पाण्यात उभी. मामांनी वर्तमानपत्र पसरून झाड उपडं केलं, तसा गटारासारखा वास खोलीभर पसरला. मुळं तपकिरी पडलेली. मामांनी त्यातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. कात्रीनं कुजकं सगळं कापलं, पांढरी टणक मुळं तेवढी ठेवली, आणि झाड मातीच्या कुंडीत लावलं.

भाची शेजारी उभी. तिनं मामांना ॲप दाखवलं. मामांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्या फोनाला बोट आहे का?"

"बोट?"

"मातीत घालायला. बोट नाही, तर ह्याला कळतं कसं पाणी पाहिजे ते?"

भाचीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अण्णांची काळजी वेगळीच. "म्हणजे माझ्या चांदण्या जाणार का?"

गेल्या. लिली मात्र वाचली. गणपतीत तिला नवं पान आलं.

तर श्रोतेहो, मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. तिथे सतत पाणी साचलं की प्राणवायू संपतो, मुळं मरतात, आणि मेलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पायाशी पाणी असून पानं सुकतात. घरातली झाडं तहानेपेक्षा लाडानं जास्त मरतात. भाचीनं मग निरोप बदलला. आता ॲप म्हणतं, "बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागतंय?" ओलं म्हटलं की ते म्हणतं, "मग आज पाणी नको." तिघांच्या फोनवर वही मात्र एकच, एकानं घातलं की बाकीच्यांना दिसतं. पुन्हा सांगतो, आधी माती बघायची, मग पाणी.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला डोळा फसवा. तो अंधुक खोलीला इतका सरावतो, की ती आपल्याला उजळच वाटते. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारी उघड्यावर, उन्हात, सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. खोलीत आत, टीव्हीशेजारी, काहीशे लक्स मिळाले तरी खूप. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये उजेड मोजणारा सेन्सर असतो आणि ॲपला तो वाचता येतो. आयफोनमध्ये ती मुभा नाही, तिथे कॅमेऱ्यावरून अंदाज काढावा लागतो. पण हे काम फोनचं. ते त्यानं करावं, आणि बोट आपण घालावं.

तिसरी गोष्ट. युरोप-अमेरिकेतल्या ॲपमधला सल्ला जसाच्या तसा इथे आणू नये. ती म्हणतात, सगळ्यात जास्त ऊन दक्षिणेच्या खिडकीत. त्यांच्याकडे खरं आहे. पण पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मेअखेरीस ढग नसतील तेव्हा उत्तरेच्या खिडकीत ऊन, आणि दक्षिणेच्या खिडकीत नाही. शिवाय त्यांच्या चार ऋतूंत आपला पावसाळा कुठे बसवायचा? नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै एका वेळापत्रकात कोंबणारं ॲप मी तरी फोनवर ठेवणार नाही.

आणि ते "हवा शुद्ध करणारी झाडं" प्रकरण! नासाचा 1989 चा प्रयोग सगळे सांगतात. तो बंद पेटीत केला होता, आणि आपल्या घराला दारं-खिडक्या आहेत. 2019 साली जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खोलीतली हवा एरवी जेवढी बदलते, तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. मग आपण बसायचं कुठे? खिडकी उघडा, फुकट आहे. ॲपनं असली आमिषं दाखवून रोपं खपवू नयेत. रोप डोळ्याला बरं वाटतं, तेवढं कारण पुरे.

त्या जागी दुसरं काही लिहा. मनी प्लँट, डिफेनबेकिया, आणि ही आपली पीस लिलीसुद्धा, यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, सूज येते. घरात रांगतं मूल असेल, मांजर असेल, तर ॲपमध्ये त्या झाडाच्या माहितीत ही सूचना सगळ्यात वर हवी, मोठ्या अक्षरात, मराठीत. आणि ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी ऐकण्याचं बटण. अण्णांनी तेवढं मागून घेतलंय. चांदण्या मात्र अजून परत मिळालेल्या नाहीत.

नमस्कार.