अवजार कोणाच्या नावावर आहे?

बांधकामाचं अवजार स्टोअरच्या खिडकीवर हरवत नाही. तिथे नोंद होते, सही होते. ते हरवतं कामगारांच्या दोन टोळ्यांच्या मध्ये. एका साइटचं काम उरकलं, दुसरीकडे ड्रिल हवं होतं, गाडी तिकडेच निघाली होती, म्हणून मुकादमाने ते गाडीत टाकलं. काम कुठेच अडलं नाही, त्यामुळे कोणी कळवलंही नाही. वहीत मात्र ते अजून पहिल्याच साइटवर असतं.

म्हणून पहिला नियम: नोंद साइटच्या नावावर करायची नाही, माणसाच्या नावावर करायची. साइटला जाब विचारता येत नाही. आणि अवजार परस्पर दुसऱ्याकडे गेलं, तर घेणाऱ्याची सही किंवा स्कॅन होईपर्यंत ते देणाऱ्याच्याच नावावर राहील. एवढं ठरवलं की देणारा स्वतःच सहीसाठी मागे लागतो, स्टोअरकीपरला फोन करत बसावं लागत नाही. वही असेल तर तीन प्रतींची चिठ्ठी पुरते: एक देणाऱ्याला, एक घेणाऱ्याला, एक गाडीवाल्याच्या हाती स्टोअरला.

आता नंबर. ‘ग्राइंडर, ४ नग’ ही नोंद काही कामाची नाही. चारांपैकी कोणता कुठे गेला, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर हवा आणि तो कोरलेला हवा. क्यूआर स्टिकर जरूर लावा, पण हात धरतो तिथे किंवा हवेच्या जाळीजवळ नको. घाम, तेल आणि सिमेंटचं पाणी यांपुढे कागदी स्टिकर टिकत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती सुट्या भागांची. ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा नीडल व्हायब्रेटर घ्या. मोटर वेगळी, नीडलची नळी वेगळी. नळी एका मोटरबरोबर जाते आणि दुसरीबरोबर परत येते. मग नळी नादुरुस्त निघाली तर ती कोणी वापरली, हे सांगता येत नाही. म्हणून दोघांना वेगळे नंबर द्या. बॅटरीवरच्या ड्रिलचंही तेच: बॅटरीला नंबर नसेल तर नवी जाते आणि दमलेली परत येते. ग्राइंडरबरोबर गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण), बाजूचं हँडल आणि डिस्क आवळायचा पाना, हे तिन्ही देताना चिठ्ठीवर लिहा. गार्ड काढून वापरलेला ग्राइंडर गार्डशिवायच परत आला आणि तसाच पुढच्याला दिला, तर प्रश्न हिशेबाचा राहत नाही, कोणाच्या तरी डोळ्यांचा होतो. डिस्क, ड्रिल बिट, वेल्डिंगचे रॉड या खपाच्या वस्तू. त्या उसन्याच्या वहीत घुसवू नका, नाहीतर वही कधीच जुळणार नाही.

परत घेताना घाई नडते. संध्याकाळी सगळे एकदम येतात, गाडी बाहेर उभी असते आणि स्टोअरकीपर न बघता ‘जमा’ लिहून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे दोन शिक्के: ‘आलं’ आणि ‘तपासलं’. पहिला खिडकीवर लगेच, दुसरा निवांतपणे. मधल्या काळात अवजार वेगळ्या मांडणीवर ठेवायचं, तिथून कोणालाही द्यायचं नाही. वायर तुटकी आहे का, स्विच अडकतो का, प्लग जळका आहे का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. क्लिक टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘क्लिक’ करणारा पाना) परत आला की तो सर्वात खालच्या आकड्यावर सैल केलेला आहे ना, ते पाहा. स्प्रिंग दाबलेली ठेवली तर माप बिघडतं. वेगळी पद्धत ठरलेली नसेल तर आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची तपासणी, १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी येईल तेव्हा. ती तारीख वहीत त्याच नंबरासमोर असली पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक टॅगांवर फार भिस्त ठेवू नका. साधा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा) धातूवर चिकटवला तर नीट वाचला जात नाही. त्यासाठी धातूवर चालणारा टॅग मिळतो, तो घ्या. ब्लूटूथ टॅग स्वतः जागा सांगत नाही, जवळून गेलेल्या फोनने तो शेवटचा कुठे पाहिला, तेवढंच कळतं. जीपीएस जनरेटर आणि कॉम्प्रेसरला शोभतो, पण तळघरात किंवा पत्र्याच्या कंटेनरमध्ये त्याला आकाश दिसत नाही. आणि यातलं काहीही अवजार कोणाच्या ताब्यात आहे हे सांगत नाही.

वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं मोजा, आणि दोन्ही दिशांनी. वहीतले दहा नंबर निवडून साइटवर शोधा. मग साइटवर समोर दिसतील ते दहा नंबर वहीत शोधा. पहिल्या फेरीत हरवलेलं कळतं. परस्पर फिरलेली अवजारं बहुधा दुसऱ्या फेरीतच सापडतात, कारण ती समोर असतात आणि वहीत दुसऱ्याच माणसाच्या नावावर असतात.