सीसी : दोन अक्षरं, किती अर्थ

(दृश्य : घोडबंदर रोड. क्रेनखाली वाढत चाललेला टॉवर.)

"सीसी आलंय." घर बघायला गेलं की विक्री कार्यालयात हे वाक्य हमखास कानावर पडतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बिल्डिंग पूर्ण झाली. पण बांधकामात सीसी दोन असतात. एक खोदाईच्या आधीचं, दुसरं काम संपल्यावरचं.

पहिलं म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, कमेन्समेंट सर्टिफिकेट. 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली ते मिळतं. दुसरं पूर्णत्वाचं, कम्प्लीशन सर्टिफिकेट. मंजूर नकाशाप्रमाणे काम झालं, असं आर्किटेक्ट पालिकेला लेखी कळवतो. मग तपासणी, आणि त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ताबा घ्यायचा तो ओसी पाहूनच.

उंच टॉवरला प्रारंभाची परवानगी अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते. त्यामुळे कागद हातात आला की आधी मजले वाचा. तुमचा फ्लॅट अठ्ठाविसाव्या मजल्यावर आणि सीसी बाविसाव्यापर्यंतच असेल, तर वरच्या सहा मजल्यांना अजून परवानगीच नाही. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं पाहता येतात. विंग, मजला आणि तारीख, तिन्ही गोष्टी तिथे जुळवून घ्या. टोकन देण्याआधी.

त्याच साइटवर सुपरवायझर सीसी म्हणतो ते सिमेंट काँक्रीटला. फुटिंगखाली सळईविना अंथरलेला थर पीसीसी, सळई आली की आरसीसी. आणि ठाण्यात कोर्टनाक्यावर वकील आरसीसी नंबर विचारतात, तेव्हा तो रेग्युलर क्रिमिनल केसचा असतो!

(दृश्य : वाशी, एपीएमसी. गोण्यांची थप्पी, शेजारी हिशेबाची वही.)

इथल्या व्यापाऱ्याचं सीसी बँकेत असतं : कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज. मर्यादा 25 लाखांची मंजूर झाली, म्हणजे 25 लाख कधीही उचलता येतात, असं नाही. समजा, माल 40 लाखांचा आहे आणि त्यातले 10 लाख पुरवठादारांचे देणे आहेत. उरले 30. बँकेचं मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः घालायचा वाटा, 25 टक्के असेल तर उचल साडेबावीस लाखांपर्यंतच. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, बँकेकडे वेळेवर गेलं नाही की खरी अडचण सुरू होते. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवरची उचल अनियमित धरतात, आणि ती अनियमितता सलग 90 दिवस राहिली तर खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं. धंदा नीट चालू असताना केवळ कागद न दिल्याने हे होणं फार वाईट.

ई-मेलमधलं सीसी कार्बन कॉपीचं. टाइपरायटरच्या काळातल्या कार्बन पेपरवरून आलेलं.

(दृश्य : सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या, एमएच-04, एमएच-43.)

दुचाकीचं सीसी हे घनफळ आहे, घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची धाव 49.5 मिलिमीटर, गणित केलं की येतात 97.2 सीसी. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही या आकड्यावर ठरतो : 75, 150 आणि 350 सीसी हे त्याचे टप्पे.

(दृश्य : टेबलावर इन्सुलिनची बाटली आणि दोन सिरिंज.)

हेच घन सेंटिमीटर दवाखान्यात आलं की जपावं लागतं. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर, पण इन्सुलिन मोजतात युनिटमध्ये. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलिलिटरची बाटली मिळते आणि 100चीही. 40ची सिरिंज लाल टोपीची, 100ची केशरी. 100च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने 20च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर ते होतं अर्धा सीसी, म्हणजे 50 युनिट. अडीचपट! साखर एकदम खाली जाते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट अदलाबदल झाली तर 20ऐवजी आठच युनिट जातात आणि साखर चढलेलीच राहते.

चिठ्ठीवर घाईत लिहिलेलं इंग्रजी सीसी यूसारखंही दिसतं, आणि यू म्हणजे युनिट. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर सीसीऐवजी मिली लिहिलेलं बरं. घरी इंजेक्शन देणाऱ्यांनी बाटलीवरचा 40 किंवा 100 हा आकडा आधी मोठ्याने वाचावा, मग सिरिंजची टोपी बघावी, आणि दोन्ही जुळल्यावरच सुई बाटलीत घालावी.