राजाच्या दारी विधवांचे अर्ज

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडच्या यादवी युद्धाची गोष्ट सगळे पार्लमेंटच्या सेनापती क्रॉमवेलपासून सुरू करतात. मी मात्र कॅथरीन द लूक या बाईपासून करणार आहे.

१६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली. कॅथरीन राजाच्या बाजूची, काम गुप्त पत्रं पोचवायचं. दुसरं कुणी धजत नव्हतं तेव्हा मी गेले, असं तिचं म्हणणं. ती पकडली गेली. ब्राइडवेलच्या तुरुंगात तिला दिवसाआड फटके मारले. दिवसाआड, बरं का! म्हणजे आदले वळ उतरायच्या आत पुढचे. शिवाय जळत्या तोड्याचे चटके. बंदुकीला बत्ती द्यायचे तो तोडा. कशासाठी, तर तिनं फितूर व्हावं म्हणून. इकडे नवरा जखमांनी गेला. मुलाला गुलाम म्हणून बार्बाडोसला विकलं.

युद्ध राजा हरला. पुढे १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर परतला आणि कॅथरीननं त्याच्याकडे अर्ज केला. काय मागितलं असेल? यार्मथजवळची पडीक जमीन, तीही भाडेपट्ट्यानं. पडीक जमीन, श्रोतेहो! दरबारात पदव्यांसाठी रांग लागली होती, आणि जिनं फटके खाल्ले ती पडीक जमीन मागत होती. पराक्रमाचे पोवाडे गाणाऱ्यांनी अशी एखादी ओळ कधी गायलीय का? असो, ते वेगळंच दुखणं आहे माझं.

१६६२ मध्ये कायदा झाला. राजाच्या बाजूनं लढलेल्या जखमी सैनिकांना आणि मेलेल्यांच्या विधवांना जिल्ह्याच्या न्यायाधीशांकडून पेन्शन. पण नवरा राजासाठीच लढला, हे सिद्ध करायचं. त्यासाठी अधिकाऱ्याचा नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दाखला हवा. अधिकारीच लढाईत पडला असेल तर? तरी दाखला हवाच. सरकारला दाखल्याची हौस जुनीच. आपल्याकडे पेन्शनवाल्या आजी दर नोव्हेंबरात ‘मी जिवंत आहे’ असं लिहून देतातच की.

आणि पार्लमेंटच्या बाजूच्या विधवा? पार्लमेंटनं १६४२ मध्येच आपल्या जखमी सैनिकांना आणि विधवांना मदतीचा शब्द दिला होता, पुढे पेन्शनही मिळू लागली होती. राजा परतला आणि ती बंद झाली. नवरा तोच, लढाई तीच, पेन्शन मात्र बंद. मग उरला गावच्या चर्चचा गरीबनिधी, आणि तिथं पुन्हा हात जोडून उभं राहणं.